मूत्राशयाचा कर्करोग: ऑपरेशनआधीच्या केमोनंतर स्कॅन किती खरा मानायचा?

मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोचलेल्या कर्करोगात आधी केमो आणि मग लघवीची पिशवी काढण्याचं ऑपरेशन, असा क्रम आता रूढ झाला आहे. केमो संपली की स्कॅन होतो आणि त्याचा रिपोर्ट हातात पडला की घरातला प्रत्येक जण डॉक्टर होतो. ‘गाठ दिसत नाही म्हणतात, मग पिशवी कशाला काढायची?’ हा एक प्रश्न. ‘भिंत जाड आहे असं लिहिलंय, म्हणजे केमो फुकट गेली का?’ हा दुसरा. मी मुंबईत रेडिओलॉजिस्ट आहे आणि हे दोन्ही प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा भाग आहेत. दोन्हींचं मूळ एकच. तोच स्कॅन केमोआधी जितका भरवशाचा असतो, तितका केमोनंतर राहत नाही, आणि हे घरच्यांना कुणी वेळेवर सांगितलेलं नसतं.

उपचाराचा निर्णय तुमचे यूरोलॉजिस्ट आणि केमोचे डॉक्टरच घेतील. पण स्कॅन कधी करायचा, कसा करायचा, सोबत काय न्यायचं आणि रिपोर्टमधल्या कुठल्या ओळीवर किती विसंबायचं, हे तुम्हाला कळलं तर त्या निर्णयाला मदतच होते.

केमोनंतर स्कॅन का चुकतो

गाठ केमोला सगळीकडे सारखी दाद देत नाही. काही भाग मरतो, काही आक्रसतो, काही तसाच राहतो. पेशी मेल्या तिथे जखम भरून तंतूंचा पट्टा, म्हणजे व्रण, तयार होतो. शिवाय तपासणीसाठी दुर्बिणीतून खरवडलेली जागा, म्हणजे टीयूआरची जखम, त्याच भिंतीत असते. व्रण, सूज आणि उरलेली गाठ, तिन्ही सीटी स्कॅनवर ‘जाड भिंत’ म्हणूनच दिसतात. त्यामुळे रोग नसताना आहे असं वाटू शकतं.

दुसरी चूक उलट्या बाजूची, आणि माझ्या मते जास्त महागात पडणारी. व्रणाच्या तंतूंमध्ये कर्करोगाच्या पेशींची मिलिमीटरभराची बेटं शिल्लक राहू शकतात. एमआरआयचा एक काप साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याहून बारीक गोष्ट त्यात विरघळून जाते आणि रिपोर्ट स्वच्छ येतो. पावसाळ्यात गळणाऱ्या भिंतीची डागडुजी करून वर रंग मारला, तर आत ओल आहे की नाही हे नुसतं बघून सांगता येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

हे नुसतं पुस्तकी बोलणं नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात केमोनंतर दुर्बिणीच्या तपासणीत रोग दिसला नाही असे ३४ रुग्ण होते. त्यांतल्या १० जणांनी लगेच पिशवी काढून घेतली आणि त्यांपैकी ६ जणांच्या पिशवीत कर्करोग सापडला. आकडा लहान आहे, औषधंही आज पहिल्या पसंतीने देतात ती नव्हती. तरी दुर्बीण आत घालून बघणाऱ्यालाही चकवा बसू शकतो, तर बाहेरून काढलेल्या चित्राचं काय, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही.

केमोचा फायदा मात्र खरा आहे, त्याबद्दल शंका नको. ३१७ रुग्णांवरच्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आधी केमो घेतलेल्यांपैकी ३८ टक्के जणांच्या काढलेल्या पिशवीत कर्करोग उरलेला नव्हता. थेट ऑपरेशन झालेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं, म्हणजे त्यांची गाठ दुर्बिणीतूनच पूर्ण निघाली होती. हे दोन्ही आकडे पिशवी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरचे आहेत, स्कॅनवरचे नव्हेत.

पहिली पायरी: केमोआधीचा स्कॅन नीट करून घ्या

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. केमोनंतरच्या चित्राला एकट्याने फारसा अर्थ नसतो, ते आधीच्या चित्राशेजारी ठेवूनच वाचावं लागतं. आधीचं चित्रच धड नसेल तर पुढचा सगळा अंदाज अंधारात.

शक्य असेल तर मूत्राशयाचा एमआरआय दुर्बिणीतून गाठ काढण्याआधी करावा. टीयूआर आधीच झाली असेल, आणि बहुतेकांची झालेलीच असते, तर किमान दोन आठवडे थांबून करावा, कारण ताजी जखम सुजलेली असते आणि रोग आहे त्यापेक्षा खोल वाटतो. २०१८ साली मूत्राशयाच्या एमआरआयसाठी व्हाय-रॅड्स नावाची १ ते ५ गुणांची पद्धत आली. गुण जितका जास्त, तितकी गाठ स्नायूत शिरल्याची शक्यता जास्त. केमो न झालेल्या रुग्णांत ही पद्धत चांगली चालते.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय पेल्व्हिस’ (ओटीपोटाचा एमआरआय) लिहिलं असेल तर विचारून ‘मूत्राशयाच्या तपासणीसाठी, डिफ्यूजनसह’ असं लिहून घ्या. डिफ्यूजन म्हणजे पाण्याच्या कणांची हालचाल कुठे अडते हे दाखवणारी एमआरआयची चित्रं. मोठ्या रुग्णालयांत नंबर लागायला वेळ लागतो म्हणून बरेच जण एमआरआय बाहेरून करून आणतात. त्यात गैर काही नाही. पण बाहेरच्या सेंटरवर पाठीच्या आणि गुडघ्याच्या स्कॅनची रांग असते, तिथे मूत्राशयाचे पातळ काप आणि डिफ्यूजन कुणी मागितल्याशिवाय होतीलच असं नाही. आणि पहिला स्कॅन जिथे केला तिथेच दुसराही करा. मशीन आणि पद्धत सारखी असली की तुलना सोपी जाते.

पोट, ओटीपोट आणि छातीचा सीटी किंवा पेट स्कॅन (किरणोत्सारी साखर देऊन काढतात तो) याच टप्प्यावर होतो. तो लसिकाग्रंथी, फुप्फुसं, यकृत आणि मूत्रपिंडांसाठी. भिंतीत रोग किती खोल गेला आहे हे सांगण्यात सीटी कच्चा आहे, केमोआधीही आणि नंतरही.

दुसरी पायरी: सीडी आणि एक चिठ्ठी

प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळी करून आणलेल्या फिल्म आणि मोबाइलवर काढलेला रिपोर्टचा फोटो, यांचा आम्हाला जवळजवळ काहीच उपयोग नसतो. सीडी आणा. सेंटरवरून मागून घ्या, घरी येण्याआधी ती उघडते का हे तिथेच बघून घ्या, आणि एक प्रत घरच्या कॉम्प्युटरवर ठेवा. केमो संपेपर्यंत तीन-चार महिने सहज जातात, तेवढ्यात सीडीवर ओरखडे पडतात किंवा ती दुसऱ्या फाइलमध्ये जाते.

दुसरी गोष्ट मी प्रत्येक नातेवाइकाला करायला सांगतो. फाइलच्या पहिल्या पानावर एका चिठ्ठीत एवढं लिहा: टीयूआर कोणत्या तारखेला झाली, एकदा की दोनदा. कोणती केमो, किती सायकल, शेवटची कधी. पिशवीत औषध सोडलं होतं का, विशेषतः बीसीजी, म्हणजे टीबीच्या लसीतलंच औषध. पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं कधी दिली. लघवीची नळी आहे का, मूत्रपिंडाच्या वाटेत स्टेंट आहे का आणि कधी घातला. पूर्वी टीबी झाला होता का.

यातली प्रत्येक ओळ रिपोर्ट बदलू शकते. स्टेंटने मूत्रवाहिनीची भिंत सुजते आणि ती रोगासारखी दिसते. बीसीजीने पिशवीची भिंत लाल होऊन जाड होते. रेडिओलॉजिस्टला हे माहीत नसेल तर तो ‘संशयास्पद’ लिहून मोकळा होतो. त्याची चूक म्हणता येत नाही, पण तुमच्या घरी आठवडाभर झोप उडते.

तिसरी पायरी: मधला स्कॅन

जेमसिटाबिन आणि सिसप्लॅटिन या जोडीची सायकल तीन आठवड्यांची असते, साधारण चार सायकल. काही ठिकाणी दर दोन आठवड्यांनी चार औषधांची तीव्र केमो देतात. दोन-तीन सायकल झाल्यावर मध्येच एक स्कॅन सांगितला जाऊ शकतो. त्याचं काम एकच: रोग केमोला न जुमानता वाढतोय का हे पाहणं. वाढत असेल तर उरलेल्या सायकल घेत बसण्यापेक्षा ऑपरेशन लवकर करणं शहाणपणाचं ठरू शकतं. ‘थोडी कमी झाली’ की ‘बरीच कमी झाली’ यावर या टप्प्यावर जीव टांगणीला लावू नका.

चौथी पायरी: केमोनंतरच्या स्कॅनची तारीख

शेवटच्या सायकलनंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी हा स्कॅन होतो. फार लवकर केला तर सूज उतरलेली नसते, फार उशीर केला तर ऑपरेशन लांबतं. ऑपरेशन केमोनंतर दीड-दोन महिन्यांत व्हावं असा प्रयत्न असतो. म्हणून एमआरआयची तारीख शेवटच्या सायकलच्या वेळीच मागून ठेवा. केमो संपल्यावर ‘आता दोन आठवडे गावी जाऊन येतो’ म्हणून गेलेले लोक परतल्यावर नंबरासाठी वणवण करताना मी पाहिले आहेत. त्यात स्कॅनचाही मुहूर्त जातो आणि ऑपरेशनचाही.

पेट स्कॅन असेल तर पांढऱ्या पेशींच्या इंजेक्शनची तारीख महत्त्वाची. त्या इंजेक्शनने हाडांतला मगज कामाला लागतो आणि पेटवर सगळा कणा उजळून निघतो. त्या उजेडात हाडातला खरा डाग लपू शकतो, नाहीतर नसलेल्या रोगाची शंका येते. दीर्घकाळ टिकणारं इंजेक्शन असेल तर किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत.

रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय हे दाखवणारी तपासणी, आदल्या आठवड्यात करून घ्या. सिसप्लॅटिन मूत्रपिंडांना त्रास देतं, आणि सीटीचं शिरेतून दिलं जाणारं औषध त्यावर आणखी भार टाकू शकतं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर एमआरआय औषधाशिवायही करता येतो. डिफ्यूजनचा भाग औषधाशिवाय निघतो आणि केमोनंतर तोच सगळ्यात कामाचा असतो.

पाचवी पायरी: स्कॅनच्या दिवशी

पिशवी अर्धवट रिकामी असली की तिची भिंत सुरकुतते आणि जाड दिसते. ठासून भरलेली असली की रुग्ण हलतो आणि चित्र पुसट येतं. त्यामुळे बेताची भरलेली पिशवी हवी. सर्वसाधारणपणे स्कॅनच्या तासभर आधी लघवी करून मग अर्धा ते एक लिटर पाणी प्यायला सांगतात. तुमच्या सेंटरची सूचना वेगळी असेल तर तीच पाळा.

हे पाणी घरून निघताना पिऊ नका. मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नसतं, आणि ज्याची पिशवी आधीच खरवडलेली आहे त्याला कल्याणहून परळपर्यंत धरवत नाही. ठाण्याला उतरून धावपळ केली की वेळ चुकते. तास-दीड तास आधी पोचा, तिथलं शौचालय कुठे आहे ते बघून ठेवा आणि मग पाणी प्या. बाहेरगावाहून येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्यांना अंतर कमी पडतं, त्यांना हे सोपं जातं.

लघवीची नळी असेल तर पिशवी भरणारच नाही. ती किती वेळ बंद ठेवायची हे तिथल्या सिस्टर किंवा टेक्निशियन ठरवतील, तुम्ही आपल्या मनाने चिमटा लावू नका. आतड्याची हालचाल थांबवायला एक इंजेक्शन देतात. काचबिंदू, हृदयाचा त्रास किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडण्याचा त्रास असेल तर आधी सांगा.

पेटसाठी उपाशी राहायचं म्हणजे साखरेचा चहासुद्धा नाही. मधुमेह असेल तर सकाळच्या गोळ्या-इन्सुलिनचं काय करायचं ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. पेटमध्ये दिलेली किरणोत्सारी साखर लघवीतूनच बाहेर पडते, त्यामुळे मूत्राशय नेहमीच दिव्यासारखं पेटलेलं दिसतं. काही ठिकाणी लघवीचं इंजेक्शन देऊन, पाणी पाजून, पिशवी रिकामी करून दुसऱ्यांदा चित्र काढतात. मशीनवर पुन्हा घेतलं म्हणून घाबरू नका.

सहावी पायरी: रिपोर्ट वाचताना

‘रेसिड्युअल वॉल थिकनिंग, नो रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन.’ भिंत जाड आहे, पण डिफ्यूजनवर ती जागा उजळत नाही. दाट पेशींच्या जिवंत गाठीत पाण्याचे कण अडकतात आणि जागा उजळते. व्रणात सहसा तसं होत नाही. तेव्हा हा रिपोर्ट बहुधा व्रणाकडे झुकतो. यातला ‘बहुधा’ विसरू नका.

‘रेसिड्युअल थिकनिंग विथ रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन.’ इथे रोग उरला असण्याची शंका बरीच जास्त. तरी किती खोल, हे नक्की नाही.

‘पेरिव्हेसिकल फॅट स्ट्रँडिंग.’ पिशवीबाहेरच्या चरबीत रेघा दिसतात. केमोआधी, टीयूआरच्या आधीच्या चित्रात ही ओळ आली तर ती गंभीर. केमो आणि टीयूआरनंतर आली तर सूज किंवा व्रणही असू शकतो. ओळ तीच, तारखेप्रमाणे तिचं वजन बदलतं.

‘हायड्रोनेफ्रोसिस पर्सिस्ट्स.’ मूत्रपिंड अजून फुगलेलं आहे. मूत्रवाहिनीच्या तोंडावर गाठ असेल तर असं होतं, पण गाठ जाऊन व्रणाने तोंड आवळलं तरी होतं.

‘व्हाय-रॅड्स २’ असं केमोनंतरच्या रिपोर्टवर दिसलं तर जरा थांबा. ही पद्धत मुळात केमो न झालेल्या पिशवीसाठी बांधलेली आहे. केमोनंतरच्या प्रतिसादासाठी तिचीच वेगळी आवृत्ती अलीकडे सुचवली गेली आहे. तिथे १ म्हणजे उरलेला रोग दिसत नाही आणि ५ म्हणजे रोग पुढे सरकला. रिपोर्टमध्ये यातली कोणती वापरली आहे ते विचारा. दोन्हींत आकडे सारखे आणि अर्थ वेगळे, ही आम्हा मंडळींचीच करणी, तुम्ही गोंधळलात तर दोष तुमचा नाही.

लसिकाग्रंथींचं गणित आणखी निसरडं. स्कॅन मुख्यतः आकार बघतो. आडवा व्यास १० मिलिमीटरच्या आत असला की ग्रंथी ‘नॉर्मल’ म्हटली जाते. केमोआधी १४ मिलिमीटरची ग्रंथी नंतर ६ झाली तर ती प्रतिसाद देते आहे, आनंदाची गोष्ट आहे. पण त्या ६ मिलिमीटरच्या आत काही पेशी उरल्या आहेत का, हे सीटी सांगू शकत नाही आणि पेटही खात्रीने सांगत नाही, कारण केमोने अर्धमेल्या झालेल्या पेशी साखर कमी ओढतात. म्हणून रिपोर्टमध्ये ग्रंथी ‘सबसेंटिमीटर’ (एक सेंटिमीटरहून लहान) असल्या तरी सर्जन ऑपरेशनमध्ये त्या काढतातच.

छातीत काही चमकलं तर लगेच रोग पसरला असं धरू नका. आपल्याकडे टीबी घरोघरी होऊन गेलेला आहे. छातीच्या मध्यभागातल्या जुन्या किंवा चालू टीबीच्या गाठी पेटवर कर्करोगासारख्याच उजळतात. पेल्व्हिसमधला रोग आक्रसतोय आणि छातीतली एकच गाठ वाढतेय, असं विसंगत चित्र असेल तर बायोप्सीचा आग्रह धरावा. टीबी निघाला तर ऑपरेशनचा रस्ता बंद होत नाही, मेटास्टॅसिस, म्हणजे दूर पसरलेला कर्करोग, निघाला तर सगळा बेत बदलतो. इतका मोठा निर्णय एका चमकणाऱ्या ठिपक्यावर घेऊ देऊ नका.

सातवी पायरी: ‘क्लीन’ रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे

स्कॅन स्वच्छ आला म्हणून ऑपरेशन आपोआप रद्द होत नाही. भिंतीच्या अस्तरावर पसरलेला सपाट रोग तर कुठल्याच स्कॅनवर धड दिसत नाही, त्याला दुर्बीण आणि बायोप्सीच लागते. बायोप्सीच्या पहिल्या रिपोर्टवर मायक्रोपॅपिलरी किंवा प्लाझ्मासायटॉइड असा वेगळा प्रकार लिहिला असेल तर स्वच्छ स्कॅनवर आणखी कमी विश्वास ठेवावा. प्लाझ्मासायटॉइड तर गोळा न होता पदरांतून पसरतो.

पिशवी वाचवायची इच्छा असणं अगदी साहजिक आहे, ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. त्यासाठी जास्तीत जास्त टीयूआर, रेडिएशन आणि सोबत केमो असा वेगळा, मान्यताप्राप्त मार्ग आहे, आणि आपण त्यात बसतो का हे विचारता येतं. केमोला पूर्ण प्रतिसाद मिळाल्यावर पिशवी ठेवून नुसतं लक्ष ठेवण्याचेही अभ्यास चालू आहेत. पण तिथे एमआरआयसोबत दुर्बीण, बायोप्सी, लघवीतल्या पेशींची तपासणी आणि ठरावीक अंतराने तेच सगळं पुन्हा, असा कडक पहारा असतो. घरी बसून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, बघू पुढे’ म्हणणं ही त्याची आवृत्ती नव्हे.

भेटीच्या वेळी एवढं विचारा: हा रिपोर्ट आधीच्या सीडीशी शेजारी लावून वाचला आहे का? ट्यूमर बोर्डमध्ये, म्हणजे सगळ्या संबंधित डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत, तो रेडिओलॉजिस्टने दाखवला का? स्कॅन वाईट आला असता तर ऑपरेशनचा बेत बदलला असता का, आणि कसा? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा असं येतं की बाहेर पसरलेला नवा रोग दिसला असता तरच. भिंत जाड की पातळ याने बेत सहसा बदलत नाही, हे तिथेच कळतं.

ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट यायला एक-दोन आठवडे लागतात. त्यातल्या अवस्थेच्या अक्षरांआधी ‘वाय’ असेल तर ती केमोनंतरची अवस्था समजावी. स्नायूत किंवा ग्रंथींत रोग उरलेला निघाला तर पुढे इम्युनोथेरपीचा विचार होतो, आणि तो स्कॅन पाहून नव्हे तर या कागदावरून होतो. त्याची प्रत सीडींसोबत फाइलमध्ये लावा, कारण यापुढचा प्रत्येक सीटी वाचणाऱ्याला हा कागद आधी लागणार आहे.